मोदक फुटला की काय बोलायचं

गणपतीत घर नुसतं भरलेलं असतं, मुंबईचे चाकरमानी आलेले, आणि पोरीसोरी हौसेने मोदक वळायला बसतात. पहिला फुटतोच. आमच्याकडे तेव्हा पुतणीला कोणीतरी बोललं, "अगो राहूदे, तुला नाय जमायचं", ते कोणीतरी म्हणजे मीच, आणि पुढची दोन वर्षं ती पोर पडवीतून आत आली नाही. मला अजून वाईट वाटतं.

तर आता मी काय करते ते सांगते. तोंड उघडायच्या आधी मोदक हातात घेऊन बघायचा, फुटला कुठे. कडेला चिरा गेल्या तर उकड, म्हणजे तांदळाच्या पिठाचा शिजवलेला गोळा, कोरडी पडलीय नायतर थंड झालीय, मग पाण्याचा हात लावून परत मळायला सांगायचं. बुडाला फाटला तर पारी, म्हणजे बाहेरची वाटी, मधेच पातळ झालीय नाहीतर सारण जास्त झालंय. बोलायचं तेवढंच. "मधे जाडसर ठेव, कडा पातळ कर" हे तिला पुढच्या मोदकाला कामाला येतं, "तुला जमत नाही" ह्याचं ती काय करणार?

जमलं तेही नेमकं सांगा, नुसतं छान छान पोरं लगेच ओळखतात. "ह्या चार कळ्या बघ कशा सारख्या आल्यात, तशाच पुढे घे." आणि "कित्ती हुशार" जरा जपूनच. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली छापून आले, त्यात हुशारीचं कौतुक झालेली मुलं कोडी कठीण आल्यावर लवकर हिरमुसली, मेहनतीचं कौतुक झालेली मात्र चिकटून राहिली.

चारचौघांसमोर चूक काढू नका, शेजारी बसून आपला मोदक वळत वळत हळूच सांगा. हातातला ओढून घेऊन नीट करून देऊ नका हो, ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं. (वाफेच्या भांड्याला हात लावत असेल तर मात्र खुशाल ओरडा.)

अगदीच वळत नसेल तर निवगऱ्या करायला द्या, उकडीत मिरची-जिरं वाटून घालायचं, चपट्या थापायच्या आणि वाफवायच्या. थापता थापता हाताला उकड कळते, आणि पानात तिने केलेलं काहीतरी पडतं.

आमची पोर निवगऱ्यांवरूनच परत आली. यंदा कोणी हाक मारायच्या आधी पाट ओढून बसली आणि म्हणते, "काकी, उकड गरम आहे ना अजून?"