घरं बांधण्याआधीचे चर: इंग्लंडमधली पुरातत्त्वाची पहिली नोकरी

डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी शिकलेल्यांच्या डोक्यात उत्खनन म्हटलं की पुणे जिल्ह्यातलं इनामगाव येतं: पांढरीचं (जुन्या वस्तीच्या मातीचं) टेकाड, वर विखुरलेली खापरं, हंगामामागून हंगाम चाललेलं काम. इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली की बहुधा गावाबाहेरच्या एका सपाट शेतात उभं करतात. तिथे बारा-पंधरा घरं व्हायची असतात आणि वर काहीही दिसत नसतं.

1990 पासून इथे नियोजनाच्या धोरणातच पुरातत्त्व आलं. बांधकामामुळे जमिनीखालचं काही नष्ट होणार असेल, तर आधी चाचणीचे चर खणून तपासायचं आणि खर्च बिल्डरने करायचा. चर किती आणि कुठे, हे काउंटीच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याने मान्य केलेल्या आराखड्यात ठरतं. समजा, जागा अर्धा हेक्टर आहे आणि त्यातली 4 टक्के उघडायची आहे. मग तीस मीटर लांब, 1.8 मीटर रुंद असे चार चर पुरतात. उरलेल्या 96 टक्क्यांबद्दलचा अंदाज त्यावरूनच बांधायचा असतो, म्हणून घाई नको.

चर पोकलेनने उघडतात, पण बिनदाती बकेटने. खरी कला इथे आहे, आणि ती वर्गात कुणी शिकवत नाही. बकेटसमोर सुरक्षित अंतरावर उभं राहायचं, प्रत्येक थर निघताना बघायचं आणि ऑपरेटरला हाताने थांबवायचं. आधी काळी शेतमाती, मग तपकिरी माती, त्याखाली माणसाचा हात न लागलेला मूळ थर. त्यावर गडद पट्टा दिसला की मशीन थांबवा. तो रोमन काळातल्या शेताच्या हद्दीचा चर असू शकतो. एकोणिसाव्या शतकातला, मातीच्या पाइपांचा निचराही असू शकतो. दुसराच जास्त वेळा निघतो. समांतर, सारख्या अंतराचे रुंद पट्टे दिसले तर बहुधा मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे-सऱ्या समजा.

खांबाचा खड्डा सापडला तर अर्धाच खणायचा, म्हणजे उभ्या छेदात भर कशी पडत गेली ते दिसतं. छेदाचं रेखाटन सहसा 1:10 प्रमाणात काढायचं, प्रत्येक थराला वेगळा क्रमांक द्यायचा. नवख्याला मोह होतो खापर उपटून बघायचा. आधी क्रमांक लिहा. खोल चरात वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय उतरू नका. ओली चिकणमाती न सांगता कोसळते.

पुष्कळदा चर रिकामेच निघतात. उदास होऊ नका. रिकामा चरही तितक्याच काटेकोरपणे नोंदवावा लागतो, कारण त्या नोंदीच्या आधारावरच बिल्डरला पुढे जाऊ द्यायचं की सविस्तर उत्खनन मागायचं हे ठरतं, आणि ती काउंटीच्या नोंदसंग्रहात कायमची राहते.

अर्ज करण्याआधी सीएससीएस कार्डाची (बांधकाम साइटवर काम करण्यासाठीच्या ओळखपत्राची) परीक्षा कशी असते ते बघून ठेवा. बऱ्याच बांधकाम साइटवर कार्डाशिवाय आत घेत नाहीत. कंपनी व्हिसा स्पॉन्सर करते का, हे मुलाखतीतच विचारा. आणि भारतातून गाडीचा परवाना घेऊनच या. इथे राहायला लागल्यापासून 12 महिने तो चालतो, आणि ही शेतं बसच्या रस्त्यावर नसतात. व्हॅन कुणीतरी चालवावीच लागते.