कमी दिवसांच्या बाळाच्या हाती खुळखुळा कसा द्यावा

अपुऱ्या दिवसांचं बाळ खेळण्याकडे बघतं, पण हात पुढे येत नाहीत. मग घरात आणखी मोठ्या आवाजाचं, दिवे लागणारं खेळणं येतं. अडचण बहुतेकदा खांद्यात असते. शेवटच्या आठवड्यांत पोटात जागा कमी पडते आणि बाळ हातपाय मुडपून राहतं. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्याला ते पुरेसं मिळत नाही. त्यात स्नायू सैल, आणि काचेच्या पेटीत बरेच दिवस उताणं पडून राहिलं की खांदे मागे जातात. हात छातीसमोर आले नाहीत की वस्तू पकडणं, तोंडात घालणं, या हातातून त्या हातात घेणं, सगळंच लांबतं.

वय दुरुस्त करून मोजा. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे धरले, तर ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलेलं असतं, म्हणून आज ६ महिन्यांचं असलं तरी खेळापुरतं ते ४ महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब. पुढची सगळी वयं दुरुस्त वयच आहेत.

जागं असताना बाळाला कुशीवर ठेवा आणि पाठीशी दुपट्याची घट्ट गुंडाळी लावा. दोन्ही तळवे आपोआप समोरासमोर येतात. ३ ते ५ मिनिटं पुरे, आणि तेवढा वेळ जवळच बसा. झोपवताना मात्र उताणंच. दुसरी पद्धत म्हणजे गुडघे उभे करून बाळाला मांड्यांवर टेकवायचं आणि तळव्यांनी खांदे मागून किंचित पुढे आणायचे.

तुळशीबागेतून हौसेनं आणलेलं चिमणाळं कपाळावर टांगू नका. ते बघायला बाळ मान मागे टाकतं आणि खांदे आणखी मागे ओढले जातात. टांगायचंच तर छातीवर.

पहिली वस्तू हलकी आणि तुमच्या करंगळीएवढ्या जाडीच्या दांड्याची हवी. जाड, गुळगुळीत खुळखुळा निसटतो. आयएसआय खूण बघा. रंग उडालेलं लाकडी खेळणं नको, कारण ते तोंडात जाणारच. मूठ जबरदस्तीनं उघडू नका. हाताच्या मागच्या बाजूवर, करंगळीकडून मनगटाकडे हळूच बोट फिरवलं की बोटं सैल होतात. वस्तू २०–२५ सेंटिमीटरवर धरा आणि थांबा. या बाळांना प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. दहा सेकंदांत खेळणं बदलणाऱ्या आजी-आजोबांना हे सांगावंच लागतं! बाळानं तोंड फिरवलं, जांभया किंवा उचक्या सुरू झाल्या, बोटं ताठ पसरली, तर तो नकार समजा.

सहा-सात महिन्यांनी स्टीलची वाटी, लाकडी चमचा, खरखरीत फडकं द्या. कमी दिवसांची बाळं पुष्कळदा एकच कृती करत राहतात, नुसतं आपटतात किंवा नुसतं चोखतात. तुम्ही वाटी सावकाश फिरवून दाखवा, मग त्याच्या हातात द्या. एका हातात वस्तू असताना दुसरी पुढे केली की हात बदलणं येतं. चाकांचा वॉकर आणू नका.

चार महिन्यांनंतरही मुठी सतत घट्ट, सहा महिन्यांनी वस्तूकडे हात जात नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरला जातो, यांपैकी काहीही दिसलं तर बालविकास केंद्र गाठा. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात असं केंद्र आहे. ३४ आठवड्यांआधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी.