बायोस अपडेट करायला बसलो आणि सेल बदलून उठलो

घरचा डेस्कटॉप २०१४चा. रोज सकाळी तारीख मागे जायची, त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइटला 'सर्टिफिकेट चुकीचं' म्हणायचा. मित्र म्हणाला, "बायोस जुना झालाय, अपडेट मार." बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. फाइल उतरवून पेनड्राइव्हवर टाकलीसुद्धा! मग विंडोजमधलं एमएसइन्फो३२ (सिस्टिमची माहिती दाखवणारं साधन) उघडून बायोसची चालू आवृत्ती पाहिली आणि पुढच्या आवृत्त्यांत काय बदललंय ते वाचलं. नव्या प्रोसेसरांना आधार, बाकी किरकोळ. तारखेचा उल्लेखच नाही. २०१८ला उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीची धास्ती होती, पण त्यावर लागणारा प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या सूचना) विंडोज किंवा लिनक्स सुरू होतानाही भरू शकतात, त्यासाठी बायोसच हवा असं नाही.

शिवाय पावसाळा. आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, आणि या बोर्डावर दुसरी, राखीव बायोस चिप नाही. चिपवर नवा बायोस लिहिता लिहिता वीज गेली की बोर्ड गेलाच म्हणायचा.

मग कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढून मल्टिमीटर लावला: तीनऐवजी २.४ व्होल्ट. नवा बसवला, सेल काढल्यावर सेटिंग पुसली जातात म्हणून बायोसमध्ये तारीख आणि साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) एएचसीआय मोड पुन्हा लावला (हा विसरलात तर विंडोज निळा पडदा दाखवू शकतं). दोन महिने झाले, घड्याळ बरोबर चालतंय. पेनड्राइव्हवरची ती फाइल अजून तशीच पडून आहे.