ईआरचा कंट्रोल बदलला आणि दुखणं सापडलं

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, स्तनाच्या कर्करोगात तपासलं जाणारं प्रथिन; इम्युनो म्हणजे अँटिबॉडीने ते रंगवून दाखवणारी चाचणी. आमच्या लॅबमध्ये या चाचणीला कंट्रोल म्हणून, म्हणजे रंग नीट चढला का हे पडताळायला, स्तनाच्या एका गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) चालायचा. गडद पॉझिटिव्ह, बघताच समाधान व्हावं असा. तरी अधूनमधून एखादी केस निगेटिव्ह यायची आणि त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिकाही कोऱ्या दिसायच्या. तिथे पेशींची थोडी तरी केंद्रकं तपकिरी, म्हणजे पॉझिटिव्ह, हवीतच. म्हणजे रंग चढत नव्हता, आणि कंट्रोल मात्र छातीठोकपणे पास!

ईआर भरभरून असलेली गाठ रंग बराच उतरला तरी पॉझिटिव्हच दिसते. म्हणून मी टॉन्सिल घेतलं. त्यात जर्मिनल सेंटरमधल्या (लिम्फ पेशींच्या गोळ्याच्या मध्यभागातल्या) विखुरलेल्या पेशी आणि स्क्वॅमस (वरच्या चपट्या पेशींच्या) थरातल्या काही पेशी फिकट ते मध्यम रंगायला हव्यात. मँटल झोनच्या (त्या मध्यभागाभोवतीच्या कड्यातल्या) बी-पेशी कोऱ्याच राहायला हव्यात. एकाच तुकड्यात दोन्ही परीक्षा. जोडीला गर्भाशयमुख, तिथे रंग चांगला ठसठशीत येतो.

पहिल्याच रनला टॉन्सिलमधल्या फिकट पेशी गायब! मग अँटिजेन रिट्रीव्हलकडे वळलो, म्हणजे सेक्शन गरम बफरमध्ये ठेवून फॉर्मॅलिनने झाकलं गेलेलं प्रथिन पुन्हा उघडं करण्याच्या पायरीकडे. प्रेशर कुकरची रिंग सैल पडली होती, वाफ निसटत होती. रिंग बदलली, पीएच 9 चं बफर ताजं केलं. पेशी दिसू लागल्या.

आता कंट्रोलचा तुकडा रुग्णाच्या सेक्शनशेजारी, त्याच स्लाइडवर लावतो. एरवी त्या स्लाइडवर अँटिबॉडी नीट पसरली का, हे कळणार कसं? आणि टॉन्सिलही रुग्णाच्या नमुन्यासारखंच 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, 6 ते 72 तास फिक्स करतो (ऊती टिकवण्यासाठी बुडवून ठेवतो).