या चुका टाळा : नायट्रसवाली गाडी डायनोवर ट्यून करताना

डायनोचा (चाकं रोलरवर फिरवून गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा) कागद हातात आला की नजर आधी कमाल हॉर्सपॉवरवर जाते. नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन देणारा नायट्रस ऑक्साइड वायू) बसवलेल्या गाडीत नेमका तोच आकडा सगळ्यांत कमी उपयोगाचा असतो. इंजिनाचं नुकसान बहुतेकदा आलेखाच्या दोन टोकांना होतं, म्हणजे नायट्रस सुरू होताना किंवा रेव्ह लिमिटरपाशी (इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेवर रोखले जातात तिथे). त्याची खूण त्याच कागदावर असते, फक्त दुसऱ्या रेघांमध्ये. उदाहरणासाठी शेव्हरले कॉर्व्हेट सी५ घेऊ. ५.७ लिटरचं एलएस१ व्ही८, कंपनीचेच पिस्टन, सहा गिअर मॅन्युअल आणि १०० हॉर्सपॉवरचं वेट किट, म्हणजे नायट्रस आणि त्याला लागणारं जादा पेट्रोल एकाच नोझलमधून.

नायट्रस लवकर सुरू करणं

जेटमधून (प्रवाह ठरवणाऱ्या बारीक भोकातून) दर सेकंदाला जेवढा नायट्रस जातो, तो ३,००० आरपीएमला आणि ६,००० आरपीएमला जवळपास सारखाच असतो. ३,००० ला सेकंदात स्फोट मात्र निम्मे होतात, त्यामुळे प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला दुप्पट नायट्रस येतो. हॉर्सपॉवरला ५,२५२ ने गुणा आणि आरपीएमने भागा. १०० हॉर्सपॉवरची भर ६,००० ला साधारण ८८ पौंड-फूट टॉर्क देते, तर ३,००० ला १७५. म्हणून टॉर्कची रेघ सुरुवातीलाच एकदम वर उसळलेली दिसते. तो धक्का पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडेवर बसतो आणि एलएस१ चे ओतीव पिस्टन तिथूनच तुटतात.

३,००० च्या खाली हा धक्का आणखी मोठा होतो, म्हणून विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या दरम्यानच नायट्रस चालू ठेवणारा) लावा. सुरुवात ३,००० च्या आधी नको, बंद ५,८०० ला, आणि सोबत फुल थ्रॉटलचा वेगळा स्विच. वरची मर्यादाही तितकीच गरजेची आहे. लिमिटर लागला की इंजेक्टर बंद होतात, पण सोलेनॉइड (नायट्रसची विजेवर चालणारी झडप) उघडाच राहिला तर नायट्रस येतच राहतो. मिश्रण बिघडतं, आग उलट इनटेकमध्ये येऊ शकते, आणि एलएस१ चं मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा इनटेकचा भाग) प्लॅस्टिकचं आहे.

थंड बाटलीवर जेट ठरवणं

आमच्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. बाटलीतला दाब तापमानावर ठरतो. २१ अंश सेल्सियसला तो ७५०-७६० पीएसआयच्या आसपास असतो, तर बहुतेक किटचे जेट ९०० ते ९५० धरून निवडलेले असतात. थंड डायनो-खोलीत ७५० वर रन (डायनोवरची एक चाचणी) घेतला की नायट्रस कमी जातो आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) दिसतं. मग ट्यूनर पेट्रोलचं जेट लहान करतो आणि आकडा छान वाढतो. तीच गाडी टेक्सासच्या उन्हात उभी राहिली, दाब १,०५० ला पोचला, की नायट्रसचा प्रवाह हिशेबाने सुमारे १८ टक्के वाढतो. पेट्रोल मात्र लहान जेटचंच. असं लीन (पेट्रोल कमी) झालेलं इंजिन एका रनमध्ये पिस्टन वितळवू शकतं.

म्हणून थर्मोस्टॅटचा बॉटल हीटर वापरा आणि प्रत्येक रनच्या आधी दाब कागदावर लिहा. एका रनपासून दुसऱ्यापर्यंत २५ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दोन रेघांची तुलना करूच नका. गॅस बर्नर किंवा टॉर्चने बाटली कधीही तापवू नका. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही, आणि पुढे दाब झपाट्याने चढतो.

गेजवरून बाटली किती भरली आहे ते कळत नाही. आत थोडासा द्रव उरला असला तरी रन सुरू होईपर्यंत काटा जवळपास तेच दाखवतो. बाटली वजनकाट्यावर ठेवा. १०० हॉर्सपॉवरसाठी १० सेकंदांत साधारण ०.८ पौंड नायट्रस खर्च होतो. १० पौंडी बाटलीत ३ पौंडांहून कमी उरलं असेल तर त्यावर ट्यूनिंग करू नका. झडप पूर्ण उघडा, अर्धी नको. लाइन पर्ज केली नाही, म्हणजे तिच्यातली वाफ रनआधी बाहेर सोडली नाही, तर आधी वाफ येते, द्रव मागाहून. आलेखात सुरुवातीला रिच खळगा आणि लगेच उसळी दिसली तर आधी पर्ज तपासा, जेट नव्हे.

एअर-फ्युएलच्या आकड्यावर आंधळा विश्वास

फुल थ्रॉटलवर नायट्रससह ११.५ ते ११.८, म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला हवेचे इतके भाग, ही सुरक्षित जागा. पण सेन्सर कुठे आहे ते आधी बघा. सायलेन्सरच्या टोकात खुपसलेला सेन्सर उशिरा वाचतो, आणि बाहेरची हवा मिसळली तर खोटं लीन दाखवतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दोन्ही बाजूंना एकेक वाइडबँड (हे प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) बसवा. तरीही तो चार सिलिंडरांची सरासरीच सांगतो. एलएस१ चं मॅनिफोल्ड कोरड्या हवेसाठी बनवलेलं आहे, त्यातून पेट्रोल सगळीकडे सारखं वाटलं जात नाही.

आणखी एक सापळा मिसफायरचा. ठिणगी विझली की न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सेन्सर लीन म्हणतो. नवखा ट्यूनर पेट्रोल वाढवतो, मिसफायर आणखी वाढतो. रेघ करवतीसारखी दिसत असेल तर आधी प्लगचा गॅप ०.०३५ इंच, म्हणजे साधारण ०.९ मिमी, करून पाहा. प्लग एक पायरी थंड हवा, उदाहरणार्थ एनजीके टीआर६. टायर घसरल्यावरही रेघ अशीच होते, पण तेव्हा एअर-फ्युएल स्थिर राहतो. हे सगळं स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करण्याची सोय) शून्यावर ठेवून बघा, पाचवर अशा खुणा पुसल्या जातात.

खरं लीन होत असेल तर पेट्रोलचा दाब वाहत्या अवस्थेत मोजा. एलएस१ मध्ये तो ५८ पीएसआय असतो. उभ्या गाडीत ५८ आणि रनमध्ये ५० दिसला, तर दोष पंपात, फिल्टरमध्ये किंवा पंपाला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये आहे. जेट बदलून तो जाणार नाही.

करेक्शन फॅक्टर

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. तिथे एसएई करेक्शन (मोजलेली पॉवर प्रमाणित हवामानावर आणणारा गुणक) साधारण १.२ येतो. नायट्रस नसताना चाकांवर २५० मोजले तर कागदावर ३००. नायट्रससह ३५० मोजले तर ४२०. भर १०० ची आहे, कागद १२० सांगतो. नायट्रस स्वतःचा ऑक्सिजन बाटलीतून आणतो, त्याला विरळ हवेचं करेक्शन लागू होत नाही. न सुधारलेल्या रेघांची वजाबाकी करा. एसटीडी करेक्शन (असाच दुसरा गुणक) एसएईपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त दाखवतं, म्हणून दोन्हींचे कागद शेजारी ठेवू नका. आणि आधी नायट्रसशिवाय, चौथ्या गिअरमध्ये, एकमेकांशी जुळणारे तीन रन घ्याच. त्यांच्याशिवाय पुढच्या तुलनेला पाया नाही.

टायमिंग

पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते टायमिंग. दर ५० हॉर्सपॉवरला २ अंश कमी, हा सुरुवातीचा हिशेब. १०० साठी ४ होतात, पण पहिला रन ६ अंश कमी करून घ्या आणि मग एकेक अंश परत द्या. एखाद्या अंशाने पॉवर फारशी वाढली नाही तर तो काढून टाका. लॉगमध्ये नॉक रिटार्ड (अवेळी स्फोट जाणवल्याने कॉम्प्युटरने स्वतःच कमी केलेलं टायमिंग) दिसला तर तिथेच थांबा. ऑक्टेनचा आकडा वाचताना देश लक्षात घ्या. अमेरिकेतलं ९३ हे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी आहे, भारतातल्या आरओएनच्या मोजणीत ते साधारण ९८ होतं. (भारतात रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, त्यामुळे इथे हे काम बंदिस्त ट्रॅकपुरतंच.)

शेवटी आठही प्लग बाहेर काढा. रन संपताच क्लच दाबून इंजिन बंद करा, आयडलवर चालू ठेवलंत तर खुणा पुसल्या जातात. प्लगच्या वाकड्या पट्टीवर उष्णतेने रंग बदललेली रेषा शोधा. ती वळणाच्या आसपास असेल तर टायमिंग ठीक, आट्यांकडे सरकली असेल तर जास्त, टोकाकडे असेल तर कमी. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. एका जरी प्लगवर ते असलं, तर आलेख कितीही देखणा असो, त्या सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (हवा किती गळते याची) चाचणी होईपर्यंत बाटली बंद ठेवा.