माध्यम व माहिती साक्षरता : अभ्यास कसा करावा आणि त्यातून काय हाती लागते

हा विषय नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा एक खोड लागते, ती म्हणजे दिसेल ती बातमी खोटी ठरवण्याची. ती वेळीच मोडावी, कारण सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघेही तपासण्याचे कष्ट टाळत असतात. कोणत्या मजकुरावर किती भरवसा ठेवायचा हे थोडक्या वेळात ठरवता येणे, ही या अभ्यासाची खरी कमाई आहे.

त्यासाठी आधी वाचनाची पद्धत बदलावी. अनोळखी संकेतस्थळ उघडल्यावर त्यावरची 'आमच्याविषयी' ही स्वस्तुती वाचत बसण्यापेक्षा नवी टॅब उघडून त्या संस्थेविषयी इतर लोक काय लिहितात ते पाहावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांची २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात तुलना केली, तेव्हा विद्यार्थीच काय, इतिहासकारही देखण्या बोधचिन्हांना भुलले. तथ्य-तपासनीस मात्र पान लगेच सोडून बाहेर पडले आणि कमी वाचूनही अधिक अचूक निष्कर्षाला पोहोचले.

छायाचित्राच्या बाबतीत उलट शोध घ्यावा, म्हणजे शब्दांऐवजी ते चित्रच शोधयंत्रात टाकून ते आणखी कुठे आले आहे ते पाहावे, आणि सापडलेल्यांपैकी सर्वांत जुनी प्रत गाठावी. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर मोटारीशेजारी पोहणारा शार्क २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी पोर्तो रिकोतला म्हणून फिरला, आणि २०१७ मध्ये हार्वे वादळात तोच ह्यूस्टनला अवतरला. शार्क खराच होता. पण तो दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात एका कायाकमागे (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीमागे) पोहताना टिपलेला होता आणि तिथून कापून रस्त्यावर चिकटवलेला होता. अर्थात, चित्रात काहीही न बदलता केवळ जुनी तारीख लपवूनही फसवता येते, आणि तो प्रकार अधिक सोपा असल्याने त्याकडे जास्त लक्ष द्यावे.

आलेख पाहताना उभा अक्ष कुठून सुरू होतो ते आधी वाचावे. ९६ आणि ९८ या आकड्यांचे स्तंभ ९५ पासून काढले, तर दुसरा पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. आकडे खरे, चित्र मात्र दिशाभूल करणारे.

बातमी, मत आणि पैसे घेऊन छापलेला मजकूर यांतला फरक ओळखणे, तसेच स्वतः लिहिताना उसन्या मजकुराचे श्रेय देणे, हे भाग सरावाने लवकर जमतात.

सराव मात्र लेखी असावा. रोज एक दावा निवडून वहीत तो दावा, त्याचा मूळ स्रोत, तपासणीची पायरी आणि आपला निर्णय असे चार रकाने भरावेत, आणि आठवड्याने निर्णय पुन्हा तपासावेत. निर्णयाच्या रकान्यात 'खरे' आणि 'खोटे' यांच्याबरोबर 'अजून सांगता येत नाही' यालाही जागा ठेवावी. पहिल्या महिन्यात ती नोंद एकदाही झाली नसेल, तर तपासणी घाईत उरकली जात आहे असे समजून आधीच्या नोंदी पुन्हा काढाव्यात.