सोशल मीडियावरून ब्रेक घ्यायचाय? मग असा घ्या

सगळ्यात आधी, "मी ब्रेक घेतोय, काम असेल तर कॉल करा" अशी स्टोरी टाकू नका, कारण मग ती कोणी कोणी बघितली हेच दिवसभर चेक करत बसाल. ज्यांना खरंच कळायला हवं त्या चार-पाच जणांना फोन करून सांगा. ते चार-पाच कोण हे ठरवतानाच बरंच काही कळतं.

महिनाभर तरी धरा. श्रावण मस्त पडतो, घरात नॉनव्हेज बंदच असतं, त्यात इन्स्टा पण सोडलं म्हटलं की कोणी खोदून विचारत नाही.

इन्स्टा अकाउंट्स सेंटरमधून डीअ‍ॅक्टिव्हेट करा, डिलीट नको, डिलीट करून ३० दिवसांत परत लॉगिन केलं नाही तर कायमचं जातं. फेसबुकवाल्यांनी मेसेंजरही बंद करा, आणि कुठल्या दुसऱ्या अ‍ॅपला फेसबुकनेच लॉगिन करत असाल तर ते आधी बदला, नाहीतर तिथे लॉगिन केलं की अकाउंट परत चालू. व्हॉट्सअ‍ॅप सोडता येत नाही, शाळा सोसायटी ऑफिस सगळं तिथेच, म्हणून ग्रुप आर्काइव्ह करा, स्टेटस म्यूट करा आणि लास्ट सीन आणि ऑनलाइन दोन्ही लपवा. आपलं लपवलं की दुसऱ्याचंही दिसत नाही, त्यामुळे "ऑनलाइन होतास मग रिप्लाय का नाही" हे भांडणच मिटतं.

आता खरं काम. एक साधी वही घ्या, फोनकडे हात गेला की कोणाचं बघायचं होतं तेवढं नाव लिहा. एक्सचं नाव येईल, नवा फ्लॅट घेतलेल्या चुलत बहिणीचं येईल, लिहून टाका, वही कोणी वाचणार नाहीये. मग ज्या मित्राशी वर्षभर फक्त रील्सची देवाणघेवाण चाललीय त्याला फोन लावा. "काय मग, काय विशेष" च्या पुढे गाडी जात नाही, म्हणून नेमकं विचारा, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, नोकरीचं काय झालं. विचारायला काही सुचतच नसेल तर तेही वहीत लिहा.

महिन्यात कोणाचाच फोन आला नाही म्हणून लगेच नाती तोडायला निघू नका हां, तुम्ही तरी आधी किती जणांना करत होतात?

घरातल्यांसाठी सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावचं बघा, तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आपल्याकडे भोंगा नाही, पण जेवताना सगळ्यांचे फोन फ्रीजवर ठेवता येतात, आधी आपला ठेवायचा मग पोरांना सांगायचं.

परत आलात की फीड स्क्रोल करायच्या आधी वही उघडा आणि ज्यांचं बघून नुसती जळजळ होते त्यांना म्यूट करा. म्यूट केलेलं समोरच्याला कळत नाही, अनफॉलो केलंत तर पुढच्या लग्नात विषय निघणार.